माणशी चार मेंढ्या

मंद्रूपच्या माळावर मेंढरं राखणारी चिमाबाई माणसं मेंढ्यांत मोजायची. आठ मेंढ्यांच्या लोकरीची एक घोंगडी, एका घोंगडीत दोघं. म्हणजे माणशी चार मेंढ्या. चाळीस मेंढ्यांचा कळप धुळीतून ढगासारखा तरंगत आला, की तिला त्यात दहा माणसं उबेत निजलेली दिसत.

शाळेचे गंगाधर मास्तर एकदा थबकून म्हणाले, "कळप दुप्पट झाला तर?"

"वीस माणसं निजतील की! चार कशाला बदलतील?" ती फणकारली.

एकोणतीस साली तिचा नवरा येडू वारला. पुढच्या वर्षी सगळा कळप भादरून झाला, पण चार मेंढ्यांना तिनं कात्री लावू दिली नाही.

"मालकाच्या हायत त्या," ती म्हणाली. "हिंडू द्या तशाच."