वरचं दूध

आमच्या घरी दूध उतू गेलं की मी अजूनही आधी दाराकडे बघते, मग गॅसकडे. नवरा म्हणतो, "दारात कोण आहे?" कोणीच नसतं. मी फडकं घेऊन ओटा पुसते आणि त्याला सांगते, सवय आहे.

तेव्हा आम्ही पोलादपूरला राहत होतो. नवरा महाडच्या कोर्टात कारकून, रोज एसटीने जाऊन-येऊन. मुलगी नववीत. तिनेच मला बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेलं आणि इंटरनेटवरची मराठी बायकांची एक पाटी दाखवली. पाटी म्हणजे गप्पांचं पान. कुणी भाजणीचं प्रमाण विचारी, कुणी सासूचं गाऱ्हाणं घाली. बातम्यांचाही कीस पडायचा. निवडणुका, बॉम्बस्फोट, कांद्याचा भाव, सगळ्यावर आमचं मत तयार. खरी नावं कोणी देत नसे. मुलीने माझं नाव 'खडीसाखर' ठेवलं, तर नवरा म्हणाला, "त्या लोकांनी तुला बोलताना ऐकलेलं नाही वाटतं." आठवड्यातून तीनदा मी तिथे जाऊन बसे. मी निघाले की तो विचारायचा, "संसद भरली का?" त्याने काही फरक पडत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्या लिहिण्याची वाट बघत होते, आणि मला ते फार आवडत होतं.

त्या पाटीवर 'माहेरवाशीण' नावाची एक होती. मुंबईत कुठेशी चाळीत राहणारी, नुकतीच बाळंत झालेली. बाळ मांडीवर ठेवून नवऱ्याच्या ऑफिसातल्या मशीनवर लिहायची. एकदा तिने आपल्या वाडीचं वर्णन केलं. डोंगराच्या कुशीतली दहा-बारा घरं, बाप म्हशी पाळतो, पहाटे किटली घेऊन पोलादपूरला उतरतो, किटलीच्या कडीला निळी दोरी गुंडाळलेली. मी वाचता वाचता ताडकन उठले. ती किटली रोज सकाळी माझ्याच दारात यायची. मी लगेच तसं लिहिलं.

"म्हणजे माझ्या आईच्या म्हशींचं दूध तुम्ही पिता की हो ताई!" तिने लिहिलं. त्या दिवशी पाटीवर नुसता धुमाकूळ.

मग एक रीतच पडून गेली. मी तिचं लिहिलेलं वहीत उतरवून आणायची आणि सकाळी तिच्या म्हाताऱ्या वडिलांना दारात वाचून दाखवायची. ते उंबऱ्याबाहेर उकिडवे बसून ऐकत. "बाय, लिव तिला, काळी म्हस व्याली," ते म्हणत. "आन बाळाला रोज तेल लावीत जा म्हनावं. तिची आय इचारते." नातवाचं वाचून झालं की त्यांचे डोळे भरत, आणि ते लपवायला ते मापाने दूध घालून झाल्यावर वर पुन्हा पावशेरभर ओतत. "ह्ये पोरीसाठी." माझ्या मुलीसाठी की स्वतःच्या, हे मी कधी विचारलं नाही. हे वरचं दूध एक दिवसही चुकलं नाही.

त्या वर्षी पाऊस असा लागला की तीन दिवस आम्हाला घराबाहेर पडता आलं नाही. घाटाचा रस्ता बंद, फोन मुके, वीज नाही. नवरा महाडला अडकलेला, तिथे बाजारात सावित्रीचं पाणी. कुठे कुठे दरडी आल्याचं कानावर येत होतं, पण कुठल्या गावाचं नाव खरं आणि कुठलं अफवेतलं, काही कळत नव्हतं. आम्ही मायलेकी कोरा चहा पीत बसलो होतो.

चौथ्या सकाळी कडी वाजली. दारात निळ्या दोरीची किटली! ती घेऊन आलेली बाई ओळखीची नव्हती, म्हाताऱ्यांच्या वाडीतलीच असावी. माझा जीव भांड्यात पडला. "आलं का दूध! रस्ता सुटला वाटतं?" मी म्हणाले आणि पातेलं आणायला आत पळाले. तिने माप घातलं. वरचं घातलं नाही. किटलीचं झाकण लावून ती जरा वेळ तशीच उभी राहिली, पाण्याने निथळत. माझं लक्ष चुलीवर. मी विचारलं नाही, बाबा का नाही आले.

मी विचारायला हवं होतं. मी काही शहरात वाढलेली नाही. माझं माहेर शिवथरकडचं, डोंगरातलंच. ज्या घरावर आपत्ती येते त्या घरची गुरं शेजारी सांभाळतात, म्हशीची धार शेजारी काढतात आणि ते दूध रतिबाच्या घरी शेजारीच पोचवतात, हे मला माहीत होतं. दहा वर्षांची असताना मी स्वतः अशी किटली घेऊन गेले होते. दूध हातात असताना मरणाची गोष्ट आपण होऊन काढायची नाही, समोरच्याने विचारलं तरच सांगायचं, हेही मला आईने तेव्हा बजावलं होतं. सगळं माहीत असून मी चहा टाकला.

अकरा वाजता वीज आणि दुकानाची फोनलाइन आल्याचं कळलं तशी मी दुकानात धावले. पाटीवर तिचे निरोपांवर निरोप. 'पोलादपूरला कोणी आहे का? आमच्या वाडीची काही खबर?' मी लिहिलं, 'तुमची किटली आज सकाळी माझ्या दारात आली. दूध आलं म्हणजे घर सुखरूप. रस्ते वाईट आहेत, बाळाला घेऊन निघू नका.' खाली चाळीसेक बायकांची रांग लागली. कोणी हात जोडले, कोणी मला देवासारखी धावून आलीस म्हटलं. मी घरी जाऊन मुलीला शिरा करून घातला.

दुसऱ्या दिवशी तीच बाई आली. मी सहज म्हटलं, "बाबांना सांगा, लेकीचं पत्र आलंय."

तिने किटली खाली ठेवली. "वैनी, तुमाला ठावं नाय? घरावर डोंगर आला. म्हातारी त्याच दिवशी गेली. गोठा लांब म्हनून म्हशी वाचल्या. म्हाताऱ्याला काढला, महाडला दवाखान्यात हाय. लेकीला हाका मारतोय नुसत्या. तिचा नंबर भिंतीवर लिवलेला, ती भितच नाय ऱ्हायली. तुमी लिवता नव्हं तिला? आज कळवा."

मी हो म्हणाले.

दुकानात जाऊन बसले तेव्हा पडद्यावर माझंच कालचं लिहिलेलं होतं आणि त्याखाली सगळ्यांचे आभार. मी लिहायला लागले. 'काल माझी चूक झाली.' खोडलं. 'बाबा दवाखान्यात आहेत.' आईचं कसं लिहू? खोडलं. मला तिच्या दुःखाची भीती वाटत होती, हे खरंच आहे. पण त्याहून जास्त भीती वाटत होती ती त्या चाळीस बायकांची. तेवढ्यात वीज गेली. दुकानदार म्हणाला, "थांबा ताई, जनरेटर लावतो, पाच मिनिटं."

आणि मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. मी म्हणाले, "राहू दे, उद्या येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं लिहिलं. ती दुपारी निघाली आणि संध्याकाळी महाडला पोचली. म्हातारे आदल्या संध्याकाळीच गेले होते. मी निरोपात लिहिलं होतं की काल वीज नव्हती म्हणून कळवता आलं नाही.

ती पाटी पुढे बंद पडली, त्यावरचं सगळं गेलं. मुलगी मोठी झाली, आम्ही महाडला राहायला आलो. नवऱ्याला मी एवढंच सांगितलंय की वीज गेली होती. ते खोटं नाही, म्हणून तर ते इतकी वर्षं टिकलंय. कधी कधी दुपारी भांडी घासताना मला 'पाच मिनिटं' असं स्पष्ट ऐकू येतं, आणि मी नळ बंद करून उभी राहते.

पण त्या पावसानंतर महिनाभराने माहेरवाशीण एकदा माझ्या दारात आली होती. म्हशी विकायच्या ठरवल्या होत्या, शेवटचं दूध घालायला स्वतः उतरली होती. मी तिला पहिल्यांदा पाहत होते. बापाचंच नाक. बाळ पाठीशी बांधलेलं. मी दारातच रडायला लागले तर तीच माझी समजूत घालायला लागली. "ताई, वीज नव्हती तर तुम्ही काय करणार? तुम्ही होता म्हणून बाबांना माझं ऐकायला तरी मिळालं." मला तेव्हा सांगता आलं असतं. शब्द तोंडापर्यंत आले होते.

तिने माप घातलं. मग किटली पुन्हा वाकडी केली. "आणि हे वरचं. बाबा सांगायचे, त्या घरी वरचं घालायला विसरायचं नाही."

मी पातेलं पुढे केलं.