भर दुपारची चक्की

आजवर कुणालाच सांगितलं नाही, पण वीज कार्यालयात ज्या युक्तीसाठी माझी पाठ थोपटली गेली, ती माझी नव्हतीच. ती किन्हीराजा गावच्या एका चक्कीवाल्याची.

बोलता बोलता मिशीवरचं पीठ पुसायची त्याची सवय, आणि कान सदा समोरच्या ट्रान्सफॉर्मरकडे, म्हणजे गावाच्या डीपीकडे. संध्याकाळी गावाचे दिवे मंदावले, की तो आपणहून चक्की थांबवायचा. "डीपी दमून राह्यली, साहेब."

एका दुपारी शाळेवरचं सोलार सारखं बंद पडत होतं. गाव वावरात, वीज वापरायला कुणी नाही, म्हणून व्होल्टेज चढलेलं, आणि ते फार चढलं की सोलार आपोआप बंद होतं. मी डोकं धरून बसलो. तो मात्र चक्कीकडे पळतच सुटला! "संध्याकाळी थांबतो, तं आता चालवून पाहू ना! ओ काकू, आना तुमचे दळनाचे डबे!"

चक्की घरघरली. मीटरवरचा व्होल्टेजचा आकडा उतरला आणि सोलार सुरू झालं! आम्ही दोघं पोरांसारखे ओरडलो. "ऊन खाऊन पोट फुगलं होतं डीपीचं!" तो हसत म्हणाला.

ही युक्ती कार्यालयाला लिहून कळवू म्हटलं, तर "तुमीच लिहा साहेब, माह्या हाताले पीठ हाय," तो म्हणाला.

मी लिहिलं, फक्त माझ्या नावानं. आता कितीतरी गावांत दुपारी चक्क्या फिरतात. वरिष्ठांसमोर उभं राहून त्याचं नाव सांगणं माझ्याकडून अजून राहिलं आहे.