उभ्याने वाचायचं इतिवृत्त

वेताच्या खुर्चीची बैठक विणायची तर आधी उभे पदर, मग आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी तिरके. सहा वेळा हात फिरल्याशिवाय जाळी धरत नाही. वेतवालीने हे वडिलांच्या मांडीशेजारी बसून वयाच्या नवव्या वर्षी शिकून घेतलं. रागही असाच पदरापदराने विणायचा असतो, हे मात्र तिला चाळिशी उलटल्यावर कळलं.

तिची वस्ती उतारावर होती. पाण्याचा झरा खाली, घरं वर, आणि मध्ये एकशे बारा दगडी पायऱ्या. शेवटच्या बारा पायऱ्या शेवाळाने सदा ओल्या आणि झिजून गुळगुळीत झालेल्या. वेतवालीची धाकटी बहीण रोज सकाळी तीन घरचं पाणी भरायची. एक घर त्या दोघींचं, दोन घरं म्हाताऱ्यांची. त्या बारा पायऱ्यांना कठडा बसवावा, असा अर्ज तिने आपल्या हाताने लिहून वस्ती मंडळाकडे दिला होता.

मंडळाची सभा महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी चार वाजता, शाळेच्या खोलीत भरायची. सहाच्या ठोक्याला खोली शाळेला परत द्यावी लागे. अध्यक्ष होते लाकडाच्या वखारीचे मालक. वस्तीतल्या एकूण एक घराची चौकट त्यांच्या वखारीतून आलेली, म्हणून त्यांच्यासमोर कुणी तोंड उघडत नसे. पाठीमागे मात्र सगळे त्यांना ‘लांबण’ म्हणत. स्वागताचे दोन शब्द बोलायला उभे राहिले की ते आजोबांवर जात, आजोबांवरून सागवानावर, सागवानावरून आजकालच्या पोरांवर. तोवर घड्याळात पावणेसहा झालेले असत.

धाकटीचा विषय यादीत सगळ्यात शेवटी. पहिल्या महिन्यात राहिला, दुसऱ्या महिन्यात राहिला. तिसऱ्या महिन्यात सहाला दहा कमी असताना ती आपणहून उठली आणि कठड्याचं विचारलं. लांबण हसले.

“बाई, कमरेवर घागर पेलायची सवय गेली म्हणून कठडे लागतात. तुमच्या आज्यांना कुठे लागले?”

सभा खो खो हसली. सहा वाजले. पुढच्या खेपेला बघू, असं म्हणून सगळे उठले.

पुढची खेप यायच्या आधीच, सतराव्या दिवशी, धाकटी त्या पायऱ्यांवरून घसरली. जीव वाचला, कमरेखालचं अंग गेलं. आणि जो कठडा तीन महिन्यांत बसला नव्हता तो नऊ दिवसांत बसला. त्यावर पत्र्याची पाटीही लागली: अध्यक्षांच्या प्रयत्नांतून.

लांबण फळं घेऊन भेटायला आले. दैवापुढे कुणाचं चालतं, म्हणाले. वेतवालीने त्यांना पाणी दिलं. धाकटी छताकडे बघत पडून राहिली. ते गेल्यावर म्हणाली, “ताई, मी तीन सभा कठडा मागत होते. एवढंच मला त्याच्या तोंडून एकदा ऐकायचंय. चार लोकांत. त्याच्याच तोंडून.”

भिजत घातलेला वेत वेतवालीने पाण्यातून काढला आणि कामाला बसली.

दोन महिन्यांनी मंडळाचे चिटणीस, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, डोळे अधू झाल्यामुळे थांबले. चिटणिशी म्हणजे बिनपगारी हमाली. कुणीच हात वर करेना. वेतवालीने केला. लांबणना गंमत वाटली. खुर्च्या विणता विणता आता शब्दही विणा, असं ते म्हणाले आणि कपाटाची किल्ली तिच्या हातात देऊन मोकळे झाले. उभ्या जन्मात त्यांच्या हातून झालेली ती सगळ्यात मोठी चूक.

कपाटात जुन्या वह्या होत्या आणि मंडळ स्थापन करणाऱ्यांनी लिहिलेली चार पानी नियमावली. वेतवालीने ती उंबऱ्याशी उजेडात बसून वाचली. सातवा नियम असा होता: मागच्या सभेत काय झालं त्याचं इतिवृत्त अध्यक्षांनी स्वतः, उभं राहून, सर्वांना ऐकू जाईल असं वाचावं, ते मंजूर झाल्यावाचून पुढे जाऊ नये. बोललेला शब्द अध्यक्षाला गिळता येऊ नये, म्हणून जुन्या माणसांनी ही मेख मारून ठेवली होती. गुरुजी सज्जन. ते चार ओळी लिहायचे, ‘अध्यक्षांनी मार्गदर्शन केले’, आणि लांबण त्या चार ओळी ऐटीत वाचायचे.

मग तिने त्या तीन सभांची पानं काढली. तिन्हीकडे एकच वाक्य: वेळेअभावी उरलेले विषय पुढे ढकलले. धाकटीचं नाव नाही, कठड्याचं नाव नाही. कागद म्हणत होता की कुणी काही विचारलंच नव्हतं.

अकरावा नियम तिने तीनदा वाचला. इतिवृत्तात चूक असेल तर त्या सभेला हजर असलेल्या पाच जणांच्या सहीने दुरुस्ती मांडता येते, आणि दुरुस्त मजकूरही सातव्या नियमाप्रमाणेच वाचायचा असतो.

पाच सह्या. पण त्या वेळी वस्तीत लांबणच्या विरोधात सही मागणं म्हणजे खडकातून पाणी काढणं. आधी माणसांच्या जिभा सुटायला हव्या होत्या. वेतवालीला घाई नव्हती.

पहिल्या सभेत ती पुढे बसली आणि लांबण जे जे बोलले ते ते तिने लिहिलं. एकही शब्द सोडला नाही. एकोणीस पानं भरली. पुढच्या महिन्यात ती पानं त्यांच्या हातात दिली. वाचावी लागलीच. “आजोबा म्हणाले, लाकूड बोलतं. लाकूड बोलतं, असं आजोबा म्हणाले. काय म्हणत होतो मी, हां, आजोबा.” तिसऱ्या पानावर कुणीतरी खोकलं, पाचव्यावर बायका पदराआड हसायला लागल्या. न्हाव्याने अगदी गरीब चेहरा करून विचारलं, “साहेब, आजोबा पुढे येतात का अजून? नाहीतर मी जरा पाय मोकळे करून येतो.”

सभा संपल्यावर लांबण तिला म्हणाले, एवढं सगळं कशाला लिहायचं? ती म्हणाली, तुमचा शब्द वाया जाऊ नये म्हणून.

जे बोलू ते महिन्याने उभ्याने वाचावं लागणार, हे कळलं की भल्याभल्यांची जीभ आखूड होते. तिसऱ्या महिन्यात लांबणचं भाषण सहा मिनिटांवर आलं.

आता वेळ मोकळा झाला, आणि तो वेळ वेतवालीने पेरला. दुरुस्त केलेल्या खुर्च्या पोचवायला ती घरोघर जायचीच. जाईल तिथे एकच विचारायची, येत्या सभेत काय ठरायला हवं? कुणी म्हणे गटार. ती म्हणे, गटाराचं काय ठरायला हवं? मग माणूस जरा विचार करून म्हणे, झाकण कुणी बसवायचं ते. ती तेवढंच लिहायची. सभेच्या आठ दिवस आधी यादी प्रत्येक दारात पडायची. ज्यात कुणाला इजा व्हायची भीती, तो विषय सगळ्यात वर. प्रत्येक विषयापुढे मिनिटं. कोण मांडणार ते त्या माणसाला आधीच सांगितलेलं, म्हणजे ऐनवेळी तो दोन्ही हात चोळत उभा राहायचा नाही. आणि विषय संपताना ती मान वर करून विचारायची, करणार कोण आणि कधीपर्यंत. ते नाव, ती तारीख इतिवृत्तात जायची, आणि पुढच्या महिन्यात अध्यक्षांच्या तोंडून सगळ्यांच्या कानावर पडायची.

गटाराला झाकण बसलं. शाळेच्या फाटकाला कडी लागली. दाराबाहेर उभ्या राहून ऐकणाऱ्या बायका पुढच्या बाकांवर येऊन बसल्या. शिंपीणबाई, जिचा आवाज तिच्या मशीनखेरीज कुणी ऐकला नव्हता, ती एकदा लांबणना म्हणाली, साहेब, तुमची पाच मिनिटं झाली. सभा सव्वापाचला संपू लागली. शेजारच्या वस्तीची माणसं ही रीत बघायला आली आणि म्हणाली, किती तळमळ आहे हो या बाईला लोकांची. वेतवालीने वही मिटली. राखेखाली काय आहे ते चुलीला ठाऊक असतं.

चौदाव्या महिन्यात ती सह्यांना निघाली. शिंपीणबाईने लगेच केली. न्हाव्याने केली. बेकरीवाल्याने एक दिवस विचार करून केली. गुरुजींनी चाचपडत केली. माझीच चूक होती, म्हणाले. पाचव्या सहीसाठी ती वखारीमागच्या घरी गेली. लांबणची बायको अंगणात धान्य पाखडत होती. तिने कागद पूर्ण वाचला, सूप खाली ठेवलं.

“त्या दिवशी मीपण हसले होते,” ती म्हणाली. “कुठे करू सही?”

यादी घरोघर गेली. पहिला विषय: तीन सभांच्या इतिवृत्तात दुरुस्ती, वीस मिनिटं. दुसऱ्याच दिवशी लांबण वेतवालीच्या दारात. त्यांना आत या असं कुणी म्हटलं नाही, ते उंबऱ्यातच उभे राहिले. आत्ता इथे, धाकटीसमोर, हात जोडून माफी मागतो, म्हणाले.

“माफीचा विषय यादीत नाही,” वेतवाली म्हणाली. हात थांबवला नाही.

“एवढं कसलं वैर आहे तुझं माझ्याशी?”

“आहे. पण ते नियमात बसतं.”

रविवारी न्हावी आणि बेकरीवाल्याने धाकटीला खुर्चीसकट उचलून शाळेत आणलं, पहिल्या रांगेत ठेवलं. लांबण उभे राहिले. आवाज त्यांनी सांभाळला. पहिली सभा: अर्ज आला, विषय घेतला नाही. दुसरी सभा: अर्जदार हजर होती, विषय घेतला नाही. तिसऱ्या सभेशी आले. अर्जदाराने उभं राहून विचारलं. ‘अध्यक्ष म्हणाले की’ इथवर आले, आणि पुढचे शब्द त्यांनी ओठातल्या ओठात गिळले.

“ऐकू आलं नाही,” धाकटी म्हणाली. “परत वाचा.”

त्यांनी वाचलं. कमर, घागर, आज्या, सगळं. सभा हसली, हेही वाचलं. खाली चिटणिसाची टीप होती, सतराव्या दिवशी काय झालं त्याची; तीही वाचली. जे त्या दिवशी हसले होते ते आपापल्या चपलांकडे बघत होते. मंजुरीला हात वर झाले. लांबण खाली बसले तेव्हा वीसपैकी अकराच मिनिटं झाली होती.

त्या आठवड्यात त्यांचा राजीनामा आला. वस्ती म्हणाली, जिंकली बाई. बेकरीवाला नवा अध्यक्ष होणार असं पारावर ठरूनही गेलं. पण राजीनामा सभेने मंजूर केला तरच लागू व्हायचा, आणि वेतवालीने पुढच्या सभेत तो विषय पाच मिनिटांचा ठेवला होता. ती पहिल्यांदाच चिटणिसाच्या जागेवरून उठून बोलली. साहेबांच्या मुदतीची तीन वर्षं अजून बाकी आहेत. त्यांना आता कुठे सभा चालवायची सवय लागलीय. माझं मत, राजीनामा नामंजूर करावा. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना ते मोठं मन वाटलं. हात वर झाले. ते खरं काय होतं हे एकट्या लांबणना कळलं. ते म्हणाले, “मला जाऊ दे ना, बाई,” अगदी हळू, आणि तिने तेही लिहून घेतलं.

घरी धाकटी वाट बघत होती. वेतवालीने झालं ते सांगितलं.

“मला ऐकायचं होतं ते मी ऐकलं, ताई. माझं भागलं. आता सोड त्याला.”

“तुझं एकदा ऐकून भागलं,” वेतवाली म्हणाली. “मला दर महिन्याला ऐकायचंय.”

धाकटीला कुशीवर वळता येत नव्हतं. तिने डोळे मिटून घेतले.