सरजाबाईच्या घरची पहाऱ्याची पेटी

साहेबराव नांदेडात कॉम्प्युटरचं दुकान चालवायचा, आणि या धंद्यात आपल्याला शिकवणारा अजून जन्माला यायचाय, असं त्याचं स्वतःविषयी स्वच्छ मत होतं. त्यामुळं लातूरच्या सरजावहिनीनं बोलावलं तेव्हा तो पिशवीत तीन वस्तू घालून रुबाबात गेला.

वहिनी म्हणजे चुलतभावाची बायको. भाऊ वारल्यावर तिनं डॉक्टरकीच्या क्लाससाठी आलेल्या पोरी घरात ठेवल्या. नऊ पोरी, नऊ मोबाईल. महिन्याखाली एकीनं परीक्षेच्या खोट्या वेबसाइटवर पासवर्ड टाकला, थोडक्यात निभावलं. तेव्हापासून वहिनीनं ठरवलं होतं, घरात येणाऱ्या इंटरनेटवर पहारा बसवायचा. फायरवॉल हा शब्द तिला पोरींनीच शिकवला.

साहेबरावनं चटईवर दुकान मांडलं. "हा जुना कॉम्प्युटर. चालतो, पण पंखा घरघरतो आन् वीज लई खातो. ही तळहाताएवढी सर्किटची पाटी, पण वायर लावायला एकच जागा. आन् ही बिनपंख्याची पेटी. एकीकडून बाहेरचं नेट घेती, गाळून दुसरीकडून घरात सोडती. इन्व्हर्टरवर दिवसभर चालती. डोळे झाकून घ्या."

वहिनीनं पेटी उलटीपालटी करून पाहिली. "भाऊजी, ही बिघडली तर नेट चालू ऱ्हातंय का बंद?"

"बंदच की. पहारेकरी मेला तर दार बंदच पायजे. समदे असंच करतेत."

"मग मला न्हाई पायजे."

साहेबरावला हसू आलं. "वहिनी, उघड्या दारातून चोर येईल ना."

"चोर आला तर चोराला बघून घेईन. आत अडकलेल्या माणसाचं काय करू?"

त्याचं हसू तिथंच विरलं. किल्लारीकडचा भूकंप झाला तेव्हा वहिनी तिकडंच माहेरी, बारा वर्षांची होती. गणपती बुडवून आल्यावर दाराची कडी आतून तिनंच लावली होती. पहाटे घर बसलं. ती कोसळलेल्या मातीच्या माळवदाच्या फटीतून निघाली, पण बाहेर जमलेल्या माणसांना दार काही उघडेना, आणि धाकटी बहीण आतच राहिली. पुढं आपल्या घरात तिनं बाहेरून उघडणार नाही अशी एकही कडी ठेवली नाही. नात्यातले यावर हसायचे. साहेबरावही हसला होता, आणि आता त्याची त्याला लाज वाटली.

नांदेडला परतून त्यानं आठ दिवस फोन केले, ओळखी काढल्या, आणि हवी तशी पेटी मिळवलीच. ती मेली की आतल्या आत दोन्ही वायरी आपोआप जोडल्या जातात आणि नेट सरळ घरात येतं. वीस वर्षांत हा प्रश्न त्याला एकाही इंजिनिअरनं विचारला नव्हता. विचारला तो सातवी शिकलेल्या बाईनं.

पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. नऊ पोरींतली अर्धापूरच्या केळीवाल्याची दीपमाला तिसऱ्यांदा परीक्षेला बसून पास झाली होती. यंदा नाही तर कधीच नाही, असं बापानं बजावलेलं. मेडिकल कॉलेजांची यादी भरायचा शेवटचा दिवस, मुदत पाचपर्यंत, आणि मोबाईलला रेंज नाही. साहेबराव काही कामानं लातुरात होता. चार वाजता डोकावला, तर पोरगी कॉम्प्युटरपुढं घामाघूम. वहिनी पेटीशेजारी मांडीवर परात घेऊन बसलेली. तांदूळ निवडत असेल, असं त्याला वाटलं.

मग त्याची नजर पेटीवर गेली. हिरवा दिवा विझलेला, अडॅप्टर जळालेला. पण पडद्यावर कॉलेजांची नावं पुढं सरकत होती.

पावणेपाचला दीपमाला म्हणाली, "मावशी, भरला फॉर्म," आणि टेबलावर डोकं टेकून रडली.

साहेबराव हळूच म्हणाला, "वहिनी, पेटी मेलीय. केव्हापासून दार सताड उघडं होतं कोण जाणे."

"दोन वाजल्यापासून."

तेव्हा कुठं त्यानं परातीत पाहिलं. आत तांदूळ नव्हते. बाकीच्या आठ पोरींचे आठ मोबाईल होते, उघड्या नेटवर कुणी जाऊ नये म्हणून काढून घेतलेले.

"दार उघडं ऱ्हावं म्हणलं होतं, भाऊजी," वहिनी म्हणाली. "राखण सोडा म्हणून कुठं म्हणलं?"

साहेबरावनं खाली मान घालून बाजारातून नवा अडॅप्टर आणून लावला. हिरवा दिवा लागला, मगच ती परात घेऊन उठली.