वरच्या पायरीची जोडी

फोन आला तेव्हा मी मंडी मोहल्ल्यात चिंचोक्याचं पीठ घेत होते. आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलात पुट्टीच म्हणाली होती, "मावशी, प्लेटलेट्स वाढतायत म्हणे. उद्या-परवा सोडतील. तू पीठ तेवढं आणून ठेव, माझी खळ संपलीये." हाताला सलाइन, ओठ वाळलेले, आणि बाईसाहेबांना चिंता खळीची! मी म्हटलं, "आधी ती इडली गिळ, मग खळीचं बघू." तर दुकानदार पुडीला दोरा गुंडाळत होता, आणि फोनवर माझा मुलगा म्हणाला, "अम्मा, कुठे आहेस? आहेस तिथेच थांब, मी घ्यायला येतो." आहेस तिथेच थांब असं चांगली बातमी सांगायला कुणी म्हणत नाही. दुकानदाराने विचारलं, "एनायितम्मा?" काय झालं बाई... पुडी पिशवीत टाकली आणि त्याच्याच पायरीवर बसून राहिले. ती पुडी अजून माझ्या फडताळात आहे. कीड लागली असेल एव्हाना. उघडून बघायचं धाडस होत नाही.

शाळेतलं तिचं नाव मेघना, पण घरात सगळ्यांची ती पुट्टी. कन्नडात पुट्टी म्हणजे छोटी. माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, एकुलती एक लेक. या नवरात्रात तिला तीस वर्षं पूर्ण व्हायची होती. ताप काय आला, डेंग्यू काय निघाला, आणि उभी पोर आठवड्याभरात नाहीशी झाली. आमची घराणी कधीकाळी महाराजांच्या फौजेत घोड्यावर बसून म्हैसूरला आली आणि इथलीच झाली. घोडे गेले, मराठी राहिलं, तेही निम्मं कन्नड होऊन. पुट्टीचं मराठी तर विचारूच नका. "मावशी, तू सुम्मने बस गं," म्हणजे गप बस, हे तिचं लाडकं वाक्य. मी जन्मभर हायस्कुलात गणित शिकवलं, वर्गात माझ्यापुढे टाचणी पडली तर ऐकू यायची, आणि ही चिमुरडी मला गप बसवायची. आता मी गप बसते तर घर खायला उठतं.

आमच्या म्हैसुरात नवरात्रात गोंबे बसवतात, म्हणजे पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडतात. देव, वाणी, लग्नाची वरात, ज्याच्या घरात जे असेल ते. पण सगळ्यांत वरच्या पायरीवर राजा-राणीची लाकडी जोडी हवीच. ही जोडी मुलीला लग्नात माहेराहून मिळते, आणि ती बसवल्याशिवाय बाकी काहीच मांडत नाहीत. अक्काची जोडी आमच्या आईने दिलेली, रक्तचंदनाची, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेली. भावोजी गेल्यावर अक्काने त्या जोडीला हात लावणं सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं हो, पण सांगावं लागतं का? सवाष्णीने बसवायची अशी रीत, म्हणून दर वर्षी मला बोलावणं यायचं. मी येऊन राजा-राणी बसवायची, हळदकुंकू लावायची, आणि अक्का स्वयंपाकघराच्या दारात पदर सावरत उभी. मग खालच्या पायऱ्या मात्र तीच मांडायची, अगदी हौसेने. शिलाईकाम करून घर चालवणारी बाई, तिचा हात लागला की चिंधीचीसुद्धा पैठणी व्हायची. आणि तो हात वरच्या पायरीला चालत नव्हता.

भावोजी एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. दिवसभर रस्ते आणि गटारं, घरी आले की पुट्टीसाठी घोडे. कॅलेंडरच्या पाठीवर, वर्तमानपत्राच्या कडेला, इस्त्रीच्या कागदावर... घोडेच घोडे. मोठी चित्रं काढायची फार हौस. खोलीच्या एका भिंतीला चुना लावून ठेवलेला, तिच्यावर अख्खी दसऱ्याची मिरवणूक रंगवणार होते. कधी, तर म्हणे रिटायर झाल्यावर. चाळिशीही पुरी झाली नाही त्यांची. भिंत तशीच राहिली, पुढे अक्काने तिला शिलाई मशीन टेकवलं. पुट्टी तेव्हा अगदी लहान. तिला बापाची एकच आठवण होती. बन्नीमंटपच्या मैदानावर दसऱ्याच्या मशालींची कवायत बघायला भावोजींनी तिला खांद्यावर घेतलेलं, आणि पडू नये म्हणून हिने त्यांचे दोन्ही कान गच्च धरलेले. "मला अप्पांचा चेहरा आठवतच नाही गं मावशी," ती म्हणायची. "मी वरती होते ना. मला फक्त कान आठवतात. गरम होते." आणि हे हसत सांगायची.

चांगली नोकरी होती तिला, कॉम्प्युटरवर डिझाइन करायची. ती सोडून एक दिवस घरी आली आणि म्हणाली, मी बाहुल्या करणार. माझे स्वतःचे गोंबे, पायऱ्याभर, सगळे माझ्या हातचे, तिशीच्या आत. अक्काने कपाळावर हात मारला. लग्नाचं बघायचं सोडून हे काय नवं खूळ? मी तर तोंडसुख घेतलंच, माझा स्वभावच तो. "तिशी म्हणजे काय शेवटची बस आहे का गं? चुकली की मुक्काम स्टँडवर?" तिने माझ्याकडे बघितलं आणि मशीनमागच्या त्या पांढऱ्या भिंतीकडे हात केला. "अप्पा रिटायर झाल्यावर करणार होते," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून घरात कागदाचा लगदा भिजायला लागला आणि चिंचोक्याची खळ शिजायला लागली. काय तो वास, अय्यो! पाहुणे दारातूनच विचारायचे, काही करपलंय का?

पण बाहुल्या काही मनासारख्या होईनात. हात चांगला होता तिचा, प्रश्न हाताचा नव्हताच. करायचं काय तेच सापडत नव्हतं. देव केले, ते दुकानातल्यासारखे दिसायला लागले. राजा-राणी केले, ते नाटकातल्यासारखे. एकेक बाहुली वाळायची, ही तिच्याकडे बघत बसायची, आणि मग परत पाण्यात भिजवून लगदा. असं वर्ष गेलं. एकदा मला ओढून बैलकुप्प्याला घेऊन गेली, तिथल्या तिबेटी मठात भिक्षू लोण्याची फुलं आणि मूर्ती करतात ते बघायला. लोणी हाताच्या उबेने वितळतं म्हणून ते बोटं सारखी गार पाण्यात बुडवायचे. एक तरुण भिक्षू होता, हिच्याच वयाचा असेल, बोटं लाल झाली होती त्याची. हिने विचारलं, सण झाला की याचं काय करता? तो म्हणाला, मोडतो. इतक्या सहज की जणू भांडी घासतो म्हणाला. परतीच्या बसमध्ये मला वाटलं, आता ही काहीतरी शहाणपणाचं बोलणार. कुठलं काय! खिडकीकडे तोंड करून बसली. पेरियापटणा गाव मागे पडल्यावर म्हणाली, "त्याला घाई नाही मावशी. मला आहे. मी काय करू?" मी पिशवीतून चकली काढून तिला दिली. दुसरं काय देणार होते मी?

आणि जे सापडायचं होतं ते शेवटी घरातच सापडलं. गेल्याच्या गेल्या नवरात्रातली गोष्ट. मी नेहमीसारखी पेटीतून जोडी काढली आणि हिने माझा हात धरला. "यंदा अम्मा बसवेल." अक्का दारातूनच म्हणाली, "वेड लागलंय का तुला? सुशी, तू आटप गं." पुट्टीचा आवाज चढला. वर्षभर त्या बाहुल्यांना जुन्या साड्यांत गुंडाळून जपतं कोण, कापूर घालतं कोण, त्यांचे कपडे शिवतं कोण? अम्मा. आणि बसवायच्या वेळी अम्मा दारात! अक्का शेवटी रडकुंडीला आली. "ती जोडी माझ्या आईने सौभाग्याची म्हणून दिली गं पुट्टी. ती आता माझी नाही. नको ना त्रास देऊ." पुट्टीने माझा हात सोडला. मी जोडी बसवली. तीर्थप्रसाद झाला, सगळं झालं. निघताना पुट्टी मला फाटकापर्यंत पोचवायला आली, आणि तिचा चेहरा असा काही उजळला होता की मला वाटलं, हिला ताप आहे. "मावशी, ती जोडी अम्माची नाही ना? ठीक आहे. मी अम्माची जोडी करते. वरच्या पायरीवर अम्मा आणि अप्पाच बसतील. बघू मग ती कशी नाही हात लावत!"

त्यानंतर तिचे हात थांबले नाहीत. खालच्या पायऱ्यांसाठी आमच्या ओळखीची माणसं भराभर उतरली. मंडी मोहल्ल्यातली मोगरा विकणारी सकव्वा, तोंडात पान धरून. आमचा कॉफी दळून देणारा, भुवयांवर पावडर बसलेला. थंडीत स्वेटर विकायला येणारी तिबेटी आजी. बन्नीमंटपचा मशालवाला, घाबरलेल्या घोड्यासकट. मीसुद्धा होते, हातात खडू आणि नाक हे एवढं! मी म्हटलं, "माझं नाक असं आहे का?" तर म्हणे, "सुम्मने बस मावशी, तुझ्या विद्यार्थ्यांना विचार." भावोजींना मात्र तिने महिनेच्या महिने दिले. फोटोत ते नेहमी श्वास रोखून उभे. त्यावरून काही जमेना, तेव्हा तिने डोळे मिटून आधी कान केले. मग त्या कानांना शोभेल असं डोकं, आणि डोक्याला शोभेल असा चेहरा. ज्या दिवशी बाहुली रंगवून झाली त्या दिवशी अक्काने ती हातात घेतली, कितीतरी वेळ बघितली, आणि म्हणाली, "ह्यांचे कान असेच होते." मग बाहुली खाली न ठेवता तशीच घेऊन आत गेली. पुट्टीने माझा दंड इतका जोरात चिमटला की वळ उठला. आनंद व्हायचा तिला असा.

राहिली एक अक्काचीच बाहुली. तिचे हात तेवढे झाले होते. दोन्ही हात पुढे केलेले, वर कुणाला तरी उचलून बसवत असल्यासारखे. करंगळी शिलाईने वाकडी झालेली, तीही तशीच वाकडी. चेहऱ्याच्या जागी नुसता गुळगुळीत पांढरा लगदा. मी घाई करत होते, कारण नवरात्र तोंडावर आलं होतं आणि तिची तिशीही. ती म्हणाली, "अगं, अप्पांचं अवघड होतं. ते कुठून शोधून आणायचे? अम्मा काय, समोरच आहे. तिला कधीही करता येईल."

कधीही... बापाच्या रिटायर होण्याला जी पोर हसायची नाही, रागावायची, तीच हे बोलून गेली. मीही मान डोलावली. समोर असलेल्या माणसाची घाई कुणाला असते? आणि शेवटी समोर राहिली ती अक्काच. होत्याची नव्हती झाली ती पुट्टी. मला देवाचा राग येतो. येऊ नये म्हणतात, पण येतो, आणि मी तो लपवणार नाही. तीस वर्षं तरी पुरी द्यायची होतीस रे! एक चेहरा रंगवायला कितीसा वेळ लागतो?

घरात मृत्यू झाला की वर्षभर सण नाही. दसऱ्याला अख्ख्या गावावर दिवे लागले, गल्लीत घरोघरी पायऱ्या चढल्या, शेजारच्या पोरी "गोंबे बघायला येऊ का" म्हणत दारोदार फिरल्या आणि अक्काच्या फाटकापाशी आवाज बारीक करून पुढे गेल्या. आईची रक्तचंदनाची जोडी पेटीतच राहिली. पुट्टीची माणसं तिच्या खोलीत, खोक्यांतून. घटस्थापनेला मी अक्काकडे गेले ती फक्त सोबत बसायला. बघते तर त्या पांढऱ्या भिंतीपाशी, बंद केलेल्या शिलाई मशीनवर, दोन बाहुल्या शेजारी शेजारी. भावोजी, आणि ती चेहरा नसलेली. ना पायऱ्या, ना दिवा, ना हळदकुंकू. अक्का म्हणाली, "बसवल्या मी. माझ्याच आहेत म्हणाली होती ना पुट्टी?" इतक्या वर्षांनी तिने जोडी बसवली होती, स्वतःच्या हाताने, आणि ते बघायला जिने जिवाचं रान केलं होतं तीच तेवढी घरात नव्हती. मला रडू आवरलं नाही. अक्का रडली नाही. तिने मला पाणी आणून दिलं.

विजयादशमीला तिन्हीसांजेला जोडीतली एक बाहुली आडवी करतात, म्हणजे नवरात्र संपलं, आता झोपा. सवयीने माझाच हात पुढे गेला. "थांब सुशी, मी करते," अक्का म्हणाली. मला वाटलं, ती भावोजींना निजवेल. ते गेलेले. तिने स्वतःची बाहुली उचलली, मानेखाली हात देऊन, तान्हं मूल ठेवावं तशी आडवी ठेवली. मी म्हटलं, "अक्का, ही का?" ती म्हणाली, "ते पुरे झालेत गं. बसू दे त्यांना. हिला डोळे कुठेत? बसवून काय करू... हिला काही दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी बाहुल्या साड्यांत गुंडाळून पेटीत जातात. या दोघांना अक्काने हलवलेलं नाही. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकांना ती दारातूनच परत पाठवते, कारण मशीनवर जागा नाही. मी रोज जाते. बाहुली आडवी असल्यामुळे तिचे ते पुढे केलेले हात आता वर आलेले दिसतात, छताकडे, रिकामे. काल गेले तर रिकामे नव्हते. अक्काने त्या दोन हातांवर पुट्टीचा एक ब्रश आडवा ठेवला होता. सगळ्यांत बारीक केसांचा, चेहरे रंगवायचा.