वंदनाताईंनी थांबवलेले कंटेनर

‘तो कंटेनर मारून टाक’ असं आम्ही जालन्याच्या आमच्या छोट्या कंपनीत सर्रास म्हणायचो. वंदनाताई स्क्रीनवरून नजर न हटवता दुरुस्त करायच्या, “मारू नको रे. ऊठ म्हण त्याला, अन् उठू दे.”

कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सामान यांचं एकत्र बांधलेलं गाठोडं. नवी आवृत्ती आली की जुना कंटेनर थांबवायचा. आमचं सॉफ्टवेअर रक्तपेढीचं. तालुक्याच्या दवाखान्यातून मागणी आली की पिशवी पेशंटच्या नावावर राखली जायची आणि मग गाडीवाल्याला निरोप जायचा. एकदा नेमका मध्येच कंटेनर थांबला. पिशवी राखली गेली, निरोप गेलाच नाही. अंबडला एक बाळंतीण रक्तासाठी ताटकळली. तिच्या नवऱ्याने फोन केला म्हणून वाचली बिचारी.

सगळ्यांनी नेटवर्कच्या नावाने बोटं मोडली. ताई मात्र कंटेनर पुन्हा पुन्हा थांबवून बघत बसल्या. थांबण्याचा हुकूम येत होता, पण प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या छोट्या स्क्रिप्टपाशीच अडत होता. आतल्या प्रोग्रॅमला पत्ताच नाही! थोडी वाट पाहून यंत्रणा सरळ त्याचा गळा आवळायची.

“सांगावा दारातल्यापाशीच अडकून राह्यलाय,” ताई म्हणाल्या, “आतल्याला कोन सांगनार?”

त्यांनी हुकूम थेट प्रोग्रॅमपर्यंत पोचवला आणि तो आल्यावर कसं वागायचं तेही त्याला शिकवलं. “आधी दार लाव. पंगतीतल्याला जेवून उठू दे. मंग दिवा मालव.”

नकली मागण्यांवर सगळं बराबर चाललं. आमचे साहेब म्हणाले, खऱ्या मागण्यांवर रविवारी करून बघू, गर्दी नसते. कुंभार पिंपळगावची बाई ती, ऐकते कुठली! “गर्दीत टिकंल तेच खरं, साहेब.”

भर दुपारी त्यांनी जुन्या कंटेनरला थांबायला सांगितलं. त्या वेळी घनसावंगीच्या दवाखान्याची एक मागणी त्याच्या हातात होती. पुढच्या मागण्या नव्या कंटेनरकडे वळल्या. जुन्याने पिशवी राखली, गाडीवाल्याला निरोप धाडला आणि मगच तो आपणहून थांबला. ताई नुसत्या म्हणाल्या, “गेला बिचारा, काम करून.”

ताई आता नाहीत. परवा मी रक्तपेढीत गेलो होतो. वंदनाताईंना कधीच न भेटलेल्या तिथल्या नव्या तंत्रज्ञाने कौतुकाने सांगितलं, “तुमचं हे कधी बंदच पडत न्हाई बघा.”

त्याच दुपारी, तो चहा पीत असताना, जुना कंटेनर थांबून नवा सुरू झाला होता. मी त्याला ताईंचं नाव सांगितलं.