नऊ परस खोल

मामांचा जावई त्यांना मामा म्हणायचा, म्हणून हळूहळू सगळी गल्लीच म्हणू लागली. त्याआधी ते 'गाठवाले' होते. कमरेला गाठी मारलेला दोर बांधून हिंडणारा, विहिरी खणणारा माणूस. वय आता एकाहत्तर. पाठ वाकली होती, पण पंजे अजून पहारीच्या मापाचे होते. भरलेला पेला उचलताना तो चेपेल की काय असं वाटायचं.

रोज संध्याकाळी ते पंपवाल्याच्या दुकानासमोरच्या बाकावर बसायचे. पंपवाला डाव्या पायाने लंगडायचा आणि का लंगडतो ते नव्या माणसाला न विचारता सांगायचा. बारा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात बेकरीमागची विहीर कोरडी पडली होती. तळाशी अडकलेला पंप काढायला तो लोखंडी शिडीवरून उतरला. शिडी नगरपालिकेच्या वहीत लिहिलेल्या खोलीएवढीच कापलेली.

"शेवटची पायरी संपली. म्हटलं, आता जमीन. टाकला पाय. सहा फूट नुसती हवा," तो सांगायचा. "वहीतलं माप म्हणजे पाहुण्याची भूक. विचारलं की कमीच सांगणार."

मामा दर वेळी हसायचे. बारा वर्षं हसले.

एका संध्याकाळी जावई कामावरून आला, हातपाय धुऊन पानावर बसला. तो सांडपाण्याच्या नव्या बोगद्यावर मुकादम होता. अकरा माणसं त्याच्या हाताखाली.

"मामा, सोमवारी आम्ही तुमच्या वडिलांना सलाम करून पुढे जाणार," तो म्हणाला. "जुन्या गिरणीच्या आवारात त्यांनी खणलेली विहीर होती ना, स्लॅब टाकून बंद केलेली? बोगदा बरोबर तिच्याखालून जातोय."

"नऊ परसांची ती."

"परसबिरस मला नाही कळत. इंजिनियर मॅडमच्या नकाशात पंधरा मीटर आहे. आमचं छत अठरा मीटरवर. मधे तीन मीटर कातळ. काळजी नाही."

मामांचा घास हातातच राहिला.

"ती बुजवली नव्हती," ते म्हणाले. "नुसतं तोंड झाकलंय. आत पाणी आहे."

"असू दे की. वर राहील ते."

मामा उठले. दाराच्या चौकटीला टाचा आणि पाठ लावून उभे राहिले आणि उजवा हात सरळ वर केला.

"आता काय, छत पाडणार?" मामी म्हणाल्या. "आधी जेवा."

"बाबा, काय झालं?" मुलीने विचारलं.

मामांनी बोट टेकलं तिथे नखाने खूण केली. मग टेप काढून मोजलं. सहा फूट दहा इंच, तेही वाकलेल्या पाठीने. वडील त्यांच्यापेक्षा चार बोटं उंच होते. म्हणजे सात फूट, वर एक-दोन इंच. कॅलेंडरचं पान उलटून त्यांनी पेन्सिलने आकडे मांडले. सात फूट दोन इंच म्हणजे शहाऐंशी इंच. एका इंचाचे दोन पूर्णांक चोपन्न शतांश सेंटिमीटर. गुणाकार दोनदा केला. दोन मीटर अठरा. नवाने गुणलं. एकोणीस मीटर साठाच्या वर.

बोगद्याचं छत अठरावर. विहिरीचा तळ त्याच्या दीड मीटर खाली. सोमवारी जावयाची पहार कातळात नव्हे, विहिरीच्या भिंतीत घुसणार होती. वर सगळं पाणी.

परस म्हणजे काय ते मामांना सांगावं लागायचं नाही, ते त्यांच्या खांद्यात होतं. विहीर खणत खाली जायची. अंदाज आला की एक माणूस तळाशी ताठ उभा राहून हात वर करायचा. मधलं बोट काठाला जेमतेम टेकलं की एक परस भरला. मग पायाजवळ, भिंतीत, छन्नीने खोबण पाडायची. पुढे बोट त्या खोबणीला टेकलं की दुसरा. खोबणीत पाय ठेवून चढता-उतरताही यायचं. हात मात्र कायम वडिलांचा. टोळीत तेच सगळ्यात उंच. मजुरी परसावर मिळायची. बुटक्याला उभं केलं असतं तर त्याच कामात परस जास्त मोजले गेले असते, आणि दुसऱ्या टोळ्या तसंच करायच्या. वडील म्हणायचे, "पाणी बुटकं होत नाही." कातळ लागला की दिवसभर घाम गाळून वीतभर खाली जाता यायचं. त्या हिशेबाने एक परस म्हणजे दहा-बारा दिवसांचं काम. तो चोरायचा नाही.

वडील गेले तेव्हा मामा चोवीस वर्षांचे. त्याच वर्षी नगरपालिकेने सगळ्या जुन्या विहिरींची खोली मीटरमध्ये लिहायला घेतली. वडिलांच्या टोळीच्या एक्केचाळीस विहिरी. कारकुनाने मामांना बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. कचेरीत खुर्ची मिळायची ती पहिलीच वेळ. मामा काठावर टेकले, पँटची माती खुर्चीला लागेल म्हणून.

"परस म्हणजे माणसाची उंची, बरोबर?" कारकुनाने मान वर न करता विचारलं. "साडेपाच फूट धरतो."

मामांना ठाऊक होतं की तसं नाही. हात वर करायचा असतो, आणि तो हात कुणाचा तेही बघायचं असतं. पण सांगायचं तर उठून, हात वर करून दाखवावं लागलं असतं. तिथे चार माणसं बसली होती. पांढरे सदरे घातलेली.

मामांनी मान डोलावली. खाली सही केली. साडेपाच फूट म्हणजे एक मीटर अडुसष्ट. नऊ परसांचे झाले पंधरा.

"जावईबापू," मामा आता म्हणाले, "सोमवारी आत जाऊ नका. तुमचा आकडा चुकलाय. साडेचार मीटरने."

जावयाने मीठ घेतलं. "मामा, ते सगळं संगणकावर केलंय."

"संगणकाला आकडा कुणी दिला?"

"मला काय माहीत? कचेरीतून आला." तो जरा हसला. "मी काम बंद करा म्हणायचं आणि आत निघाला नुसता कातळ. मग गँग मला जन्मभर 'मामांचा जावई' म्हणेल. आत्ताच म्हणते म्हणा."

"म्हणू दे," मुलगी म्हणाली. तिने त्याच्या पानात भाकरी वाढली नाही, नुसती हातात धरून उभी राहिली. "बाबा मोजल्याशिवाय बोलत नाहीत."

सकाळी मामा त्याच्याबरोबर साइटवर गेले. इंजिनियर मॅडम तिशीच्या, बुटांना चिखल लागलेला, म्हणजे खाली उतरणाऱ्या. त्यांनी मामांचं बोलणं मधे न तोडता ऐकलं. मग जुन्या वहीची झेरॉक्स काढली.

"काका, नोंदीत स्पष्ट आहे. पंधरा मीटर बारा सेंटिमीटर. मूळ माप नऊ परस. रूपांतरही दिलंय." त्यांनी पान जवळ धरलं. "खाली माहिती देणाऱ्याची सही आहे. त्याने चूक केली असं म्हणायचंय तुम्हाला?"

कारकून मरून वीस वर्षं झाली होती. त्याच्यावर ढकललं असतं तर कुणी विचारायला येणार नव्हतं. मामांनी जावयाकडे बघितलं नाही.

"ती सही माझी," ते म्हणाले. "तो चुकीचं लिहितोय ते मला दिसत होतं. मी गप्प बसलो."

जावयाने हेल्मेट डोक्यावरून काढलं आणि उगाच परत घातलं.

"तुमच्या वडिलांचा हात किती उंच पोहोचायचा, हे आता कसं सिद्ध करणार?" मॅडमनी विचारलं. "मला काम थांबवायला कागद लागतो. आठवण चालत नाही."

"लॉन्ड्रीमागे विहीर आहे. उघडी. त्याच टोळीची, त्याच हाताची. खोबणी बघा. दोन खोबणींमधलं अंतर म्हणजे वडिलांचा एक परस."

लॉन्ड्रीच्या मागच्या अंगणात ओल्या चादरी वाळत होत्या. विहिरीवर जाळी होती, ती दोघांनी सरकवली. काठापासून पहिली खोबण, मग दुसरी, तिसरी, चौथी शेवाळात अर्धी बुडालेली, आणि खाली पाणी. मामांना वाटलं आपण उतरावं. गुडघे नाही म्हणाले. जावई कमरेला पट्टा बांधून उतरला, हातात टेपचं टोक.

"पहिली ते दुसरी," मॅडम वरून वाचत होत्या. "दोन मीटर अठरा."

"पुढे."

"दोन सतरा." थोड्या वेळाने: "दोन एकोणीस."

"माणसाचा हात आहे," मामा म्हणाले. "एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होणार."

जावई तिसऱ्या खोबणीत पाय रोवून भिंतीला चिकटला. त्याने एक हात वर केला. दुसऱ्या खोबणीपासून बोट चांगलं चार बोटं खाली राहिलं. तो गल्लीत उंचच गणला जायचा. बराच वेळ तो तसाच हात वर करून उभा होता.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही," खालून आवाज आला. "ओढा वर."

मॅडमनी तिथेच विहिरीच्या काठावर बसून नऊने गुणलं आणि फोन लावला. बोगद्याचं तोंड विहिरीपासून अकरा मीटरवर होतं. रोज तीन मीटर काम सरकत होतं. त्यांनी माणसं बाहेर काढली. फक्त ड्रिलवाले दोघं आणि मुकादम आत राहिले, पुढच्या कातळात लांब, बारीक भोक पाडायला.

मामांना वर थांबायला सांगितलं होतं. दोन तास ते वाळूच्या ढिगाजवळ उभे होते. कुणीतरी खुर्ची आणून ठेवली. ते बसले नाहीत.

जावई वर आला तेव्हा छातीपर्यंत भिजला होता. अंगाला जुन्या, कुजलेल्या पाण्याचा वास. त्याने सांगितलं ते एवढंच: दहा मीटर कोरडं गेलं. अकराव्याला पाण्याने ड्रिलचा दांडा मागे फेकला. भोक दोन बोटांएवढं होतं, म्हणून लाकडी खुंटी ठोकून बंद करता आलं. आता आधी वरून स्लॅब फोडून विहीर उपसायची, मगच पुढे.

"चला घरी, मामा," तो म्हणाला.  घराच्या पायरीवर तो थांबला.

"सत्तेचाळीस वर्षं," तो म्हणाला. "एकदाही सांगावंसं नाही वाटलं?"

"विसरलो होतो," मामा म्हणाले. मग म्हणाले, "नाही. विसरलो नव्हतो. जाऊन कुणाला सांगायचं ते कळत नव्हतं. पुढे लाज वाटली."

जावयाने बूट काढले, उलटे करून त्यातलं पाणी ओतलं आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी एक्केचाळीस विहिरींची यादी पाठवली. ज्यांच्यावर काही बांधलंय त्या आधी तपासणार होत्या. कुठल्या विहिरीला किती परस, आठवेल तसं लिहून द्या, अशी चिठ्ठी होती. मामांनी ओळीने प्रत्येक आकड्यापुढे नवा आकडा लिहिला. शाळेमागची सहा परस: तेरा मीटर. टपाल कचेरीची चार: आठ मीटर बहात्तर. गुणाकार दोनदा, जमलं तर तीनदा. तेविसाव्या ओळीवर पेन्सिल थांबली.

बेकरीमागे. पाच परस. वहीत आठ मीटर चाळीस.

पुढचा आकडा लिहायला त्यांना बराच वेळ लागला. दहा मीटर नव्वद.

संध्याकाळी बाकावर पंपवाला आधीच बसला होता. बोगद्याची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली होती.

"जावई वाचवलात म्हणे," तो म्हणाला. "मी सांगतच होतो, वहीतलं माप म्हणजे..."

"वही मी लिहवलीय," मामा म्हणाले.



मामांनी यादीची घडी उलगडून ती त्याच्या मांडीवर ठेवली आणि तेविसाव्या ओळीवर बोट ठेवलं. खुर्चीपासून सगळं सांगितलं, मान डोलावली तिथपर्यंत. सांगताना उभे राहिले आणि हात वर करून दाखवला. रस्त्यावरची दोन माणसं बघत होती.

पंपवाल्याने कागद डोळ्यांजवळ नेला. ओठ हलवत वजाबाकी केली. दुकानाचा माणूस, मीटरचे फूट त्याला तोंडपाठ होते.

"अडीच मीटर," तो म्हणाला. "म्हणजे आठ फूट आणि वर."

"हो."

"बारा वर्षं मी सहा सांगत आलो."

त्याने कागद घडी करून परत दिला. डावा पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ केला, आणि बाकावर मामांसाठी रोज सोडायचा तेवढी जागा होती, तिच्याकडे बघत राहिला. सरकला नाही. बस म्हणालाही नाही. मामा उभेच राहिले.